पाणी किती चढलं

कुलिकोरोच्या धक्क्यावरचा त्येमोको कारकून
आधी जांभई देतो, मग पाणी सांगतो.
आज म्हणाला, बोटीला अजून चार बोटं कमी आहे.
कोणाची बोटं, मी विचारलं.
माझी, तो म्हणाला, आणि माझी जाड आहेत.

तेवढं चढलं की मोठी बोट सुटेल.
मोप्ती, न्याफुंके, दिरे,
मग कोर्युमेचा धक्का, आणि तिथून वाळूतून गाडीने
टिंबक्टू.
सहा दिवस. मध्येच तळ घासला तर अल्ला जाणे.

बामाकोत आमच्या गल्लीत मला टिंबक्टूवालीच म्हणतात,
कांदेवाली, पंक्चरवाला, मशिदीसमोरचा रिचार्जवाला, सगळे.
मी ते गाव पाहिलेलं नाही.
पंचेचाळीस वर्षं न पाहिलेल्या गावची आहे मी,
आणि पुरावा कधी कोणी मागितला नाही.

यादी केली आहे, वहीच्या मागच्या पानावर:
आत्याला चष्मा, दोन नंबरचा.
हिरवा चहा, बारीक पत्तीचा.
पंपाचा वॉशर. नमुना नाही, फोनवर आकार सांगितलाय,
"बांगडीपेक्षा लहान, अंगठीपेक्षा मोठा."
पांढरं रेशीम, मिळेल तेवढं.

रेशीम त्या झग्यासाठी.
पांढऱ्यावर पांढरं भरलेलं,
गळा पुरा, छातीवरचा चौक पुरा,
डाव्या खांद्याजवळ मात्र टाका मध्येच थांबलेला
आणि सुई तिथेच खोचलेली,
तिच्याभोवती गंजाचा एक तपकिरी ठिपका.
बाबा लोकांचे झगे दीड वर्षात भरून द्यायचे.
हा स्वतःचा होता, म्हणून बावीस वर्षं रेंगाळला,
आणि मग तेच गेले.

वारा पडला की रात्री अगायशा आत्याला फोन लागतो.
माझं सोंघाय ऐकून ती आधी हसून घेते.
"पोरी, तू म्हणालीस, नदी पिऊन येते."
नदीवरून, मी म्हणते.
"हां. तशी ये."

मग रस्त्याचं विचारते. ते ती नीट सांगत नाही.
मागे म्हणाली होती, सगळं ठीक आहे,
फक्त अंधार पडल्यावर बाहेर राहू नकोस.
या खेपेला "सगळं ठीक आहे"च्या आधी
ती थोडी थांबली.
ते थांबणंही मी यादीत लिहून ठेवलं.

मी म्हटलं, झगा आणते.
अलहादेर काकांकडून पुरा करून घेऊ.
पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज.
"अलहादेरला आता दोरा दिसत नाही.
सुई हाताला कळते म्हणतो. दोरा नाही कळत."
मग कोण करणार?
"कापड कोणाकडे आहे?"
माझ्याकडे.
"मग?"
आणि लाइन गेली. किंवा तिनेच ठेवला.

मी औषधांच्या दुकानात हिशेब लिहिते.
बटणापलीकडे माझी सुई कधी गेली नाही.
तरी काल वीज गेल्यावर अंगणात कंदील घेऊन
उशीच्या जुन्या अभ्र्यावर
बाबांचा टाका घालून पाहिला.
दहा घातले, नऊ उसवले.
दहावा बरा होता, की मीच दमले होते, ठाऊक नाही.

काका शेजारी बसतील. चाचपून म्हणतील, चुकलं.
पुन्हा चाचपून म्हणतील, पुन्हा.
गल्लीतल्या मातीच्या भट्टीतून गरम ताकुला येईल,
घास घेतला की दाताखाली कचकन वाळू.
बाबा बामाकोचा पाव खाताना तोंड वाकडं करायचे:
यात काहीच लागत नाही दाताला.

सकाळी त्येमोकोचा फोन, मी न करताच.
दोन बोटं चढलं, म्हणाला, जांभईशिवाय.
मी वही काढली, चार खोडून दोन केले.

रजेचा अर्ज अजून द्यायचाय.